प्रास्ताविक अर्थमिती

प्रास्ताविक अर्थमिती हा अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील एक विषय आहे. आर्थिक सिद्धान्त, गणित आणि संख्याशास्त्र यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष विदेचे विश्लेषण कसे करावे, हे या विषयात शिकवले जाते. मागणीचा नियम, वेतननिश्चिती, चलनवाढ, दारिद्र्य इत्यादी विषयांत सिद्धान्त केवळ संबंधाची दिशा सांगतो. तो संबंध किती तीव्र आहे, त्या आकड्यावर कितपत विसंबता येते आणि तो कार्यकारणसंबंध आहे की केवळ योगायोगाने दिसणारा सहसंबंध आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम अर्थमिती करते. किमान वेतन, शालेय शिक्षण, सरकारी कर्ज यांसंबंधीची धोरणे अशा उत्तरांच्या आधारे ठरत असल्यामुळे पदवीच्या पातळीवरच या पद्धतींची व त्यांच्या मर्यादांची ओळख करून देणे आवश्यक मानले जाते.

संज्ञा

'अर्थ' आणि 'मिती' (मोजमाप) या दोन शब्दांपासून 'अर्थमिती' हा शब्द तयार झाला आहे. 'इकॉनॉमेट्रिक्स' या संज्ञेचा तो मराठी पर्याय होय. आजच्या अर्थाने ही संज्ञा नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश यांनी १९२६ मध्ये रूढ केली. वर्गात आणि संगणकप्रणालींत मात्र बहुधा इंग्रजी संज्ञाच वापरल्या जातात. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला समाश्रयण म्हणजे रिग्रेशन, आकलक म्हणजे एस्टिमेटर, अभिनती म्हणजे बायस, प्रचरण म्हणजे व्हेरियन्स अशा जोड्या लक्षात ठेवाव्या लागतात.

इतिहास

अर्थमितीचे मुख्य साधन असलेली लघुतम वर्ग पद्धत मुळात खगोलशास्त्रातील आहे. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८०९ मध्ये गाउस यांनी तिची संभाव्यतेच्या अंगाने मांडणी केली. 'रिग्रेशन' हे नाव फ्रान्सिस गॉल्टन यांच्या आनुवंशिकतेवरील अभ्यासातून आले. उंच आईवडिलांची मुले उंच असली, तरी सरासरीने पाहता त्यांची उंची समाजाच्या मध्याकडे झुकलेली असते, असे त्यांनी १८८६ मध्ये दाखवले. मध्याकडे परत येण्याच्या या प्रवृत्तीसाठी वापरलेला शब्द पुढे संपूर्ण पद्धतीलाच लागू झाला.

२९ डिसेंबर १९३० रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे इकॉनॉमेट्रिक सोसायटीची स्थापना झाली आणि १९३३ पासून तिचे 'इकॉनॉमेट्रिका' हे नियतकालिक निघू लागले. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९३६ मध्ये नेदरलँड्सच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेचे समीकरणरूप प्रतिमान तयार केले. त्यांच्या पुढील कार्यावर जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३९ मध्ये कठोर टीका केली. सर्व महत्त्वाची कारणे आधीच माहीत आहेत आणि ती मोजता येतात, हे या पद्धतीने गृहीत धरले आहे, हा केन्स यांच्या मुख्य आक्षेपांपैकी एक होता. हा आक्षेप आजही प्रास्ताविक अभ्यासक्रमात 'वगळलेला चल' या नावाखाली शिकवला जातो. ट्रिग्व हावेल्मो यांनी १९४४ मध्ये अर्थमितीला संभाव्यता सिद्धान्ताचा पाया दिला. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल स्मृती पारितोषिक १९६९ मध्ये फ्रिश आणि टिनबर्गेन यांना विभागून देण्यात आले.

भारतात या विषयाची पायाभरणी नमुना पाहणीच्या कार्यातून झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकाता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सी. आर. राव यांनी १९४८ मध्ये मांडलेली 'स्कोअर चाचणी' अर्थमितीत लग्रांज गुणक चाचणी या नावाने वापरली जाते. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या संचालकपदाच्या काळात प्रत्यक्ष पाहणीवर आधारित संशोधनाची परंपरा निर्माण झाली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील १९७१ सालचा अभ्यास राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग खर्चाच्या विदेवर आधारलेला होता.

पूर्वतयारी

या विषयापूर्वी विद्यार्थ्याला सहसा दोन विषय पूर्ण करावे लागतात. पहिला गणिताचा असून त्यात फलने, लघुगणक व विकलन यांचा समावेश होतो. दुसरा संख्याशास्त्राचा असून त्यात मध्य, प्रचरण, संभाव्यता वितरणे, नमुना निवड, विश्वास अंतराल आणि परिकल्पना चाचणी हे घटक येतात. यांतील सर्वांत कठीण ठरणारी संकल्पना नमुना वितरणाची आहे. हाती असलेला नमुना हा शक्य असलेल्या अनेक नमुन्यांपैकी एक आहे, दुसरा नमुना घेतला असता तर वेगळे उत्तर आले असते आणि या बदलाचे मोजमाप करता येते, ही कल्पना स्पष्ट झाली नसेल, तर प्रमाण त्रुटी, टी-मूल्य आणि पी-मूल्य ही केवळ पाठ केलेली सूत्रे राहतात.

विदेचे प्रकार

एकाच वेळी अनेक व्यक्ती, कुटुंबे, जिल्हे किंवा देश यांच्याविषयी गोळा केलेल्या माहितीला छेदक विदा म्हणतात. एकाच घटकाच्या वेगवेगळ्या काळांतील नोंदींना कालश्रेणी म्हणतात, उदा. दरमहा प्रसिद्ध होणारा ग्राहक किंमत निर्देशांक. त्याच घटकांची पुन्हा पुन्हा पाहणी केली असल्यास तिला पॅनेल विदा म्हणतात. भारतीय विद्यार्थ्यांना जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी, २०१७–१८ पासूनची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी, १९९२–९३ पासूनची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आणि रिझर्व्ह बँकेची विदा उपलब्ध असते.

विश्लेषणाचा बराचसा वेळ समीकरणापूर्वीच्या कामात जातो. गहाळ नोंदी ओळखणे, '९९' किंवा '९९९' असे संकेतांक वय अथवा उत्पन्न म्हणून मोजले जात नाहीत ना हे तपासणे, एकके सारखी करणे, दोन तक्ते योग्य ओळखक्रमांकाने जोडणे आणि नमुन्याचे भारांक वापरणे, ही कामे त्यात येतात. समाश्रयण करण्यापूर्वी विदेचा विकिरण आलेख काढून पाहण्यावर बहुतेक पाठ्यपुस्तके भर देतात, कारण एखादी टोकाची नोंद संपूर्ण रेषेचा कल बदलू शकते.

लघुतम वर्ग पद्धत

अभ्यासक्रमाचा गाभा साध्या रेषीय समाश्रयणाचा असतो. परतंत्र चल आणि स्वतंत्र चल यांचा संबंध एका सरळ रेषेने दाखवला जातो आणि रेषेपासून प्रत्येक निरीक्षणाचे जे उभे अंतर उरते, त्याला अवशेष म्हणतात. सर्व अवशेषांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडणे, हे लघुतम वर्ग पद्धतीचे तत्त्व होय.

उदाहरणार्थ, पाच काल्पनिक कामगारांचे शिक्षण अनुक्रमे ४, ६, ८, १० व १२ वर्षे आणि रोजचे वेतन अनुक्रमे ३००, ३८०, ४००, ५०० व ५२० रुपये आहे असे मानू. शिक्षणाचा मध्य ८ वर्षे आणि वेतनाचा मध्य ४२० रुपये येतो. मध्यापासूनच्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज ११२० आणि शिक्षणाच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ४० आहे. म्हणून रेषेचा उतार ११२० ÷ ४० = २८ येतो आणि छेद ४२० − (२८ × ८) = १९६ येतो. समीकरण पुढीलप्रमाणे होते:

वेतन = १९६ + २८ × शिक्षणाची वर्षे

याचा अर्थ असा की, या नमुन्यात शिक्षणाच्या प्रत्येक अधिक वर्षामागे रोजचे वेतन सरासरीने २८ रुपयांनी अधिक आढळते. अवशेष −८, १६, −२०, २४ व −१२ असून त्यांची बेरीज शून्य येते. त्यांच्या वर्गांची बेरीज १४४० आणि वेतनाच्या एकूण विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२,८०० असल्यामुळे निर्धारण गुणांक, म्हणजे आर-वर्ग, सुमारे ०.९६ येतो. उताराची प्रमाण त्रुटी सुमारे ३.४६ आणि टी-मूल्य सुमारे ८.१ आहे. ३ स्वातंत्र्यमात्रांसाठी ५ टक्के सार्थकता पातळीवरील सीमामूल्य ३.१८ असल्यामुळे उतार शून्य असल्याची परिकल्पना नाकारली जाते. उताराचा ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे १७ ते ३९ रुपये असा येतो.

आर-वर्ग इतका मोठा असूनही हा अंतराल बराच रुंद आहे. रेषा निरीक्षणांना किती जवळून बसते आणि उताराचे आकलन किती अचूक आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या उदाहरणावरून दिसते. शिक्षणामुळेच वेतन वाढते का, हा तिसरा प्रश्न असून त्याचे उत्तर वरील कोणत्याही आकड्यात नाही.

गृहीतके व त्यांचा भंग

गाउस–मार्कोव्ह प्रमेयानुसार काही अटी पूर्ण होत असतील, तर लघुतम वर्ग आकलक हा सर्व रेषीय व अनभिनत आकलकांमध्ये किमान प्रचरणाचा असतो. या अटींमध्ये समीकरण प्राचलांच्या दृष्टीने रेषीय असणे, स्वतंत्र चलांची मूल्ये दिली असता त्रुटिपदाचा मध्य शून्य असणे, त्रुटींचे प्रचरण समान असणे, त्रुटींत परस्पर सहसंबंध नसणे आणि स्वतंत्र चलांत पूर्ण एकरेषीयता नसणे यांचा समावेश होतो.

या अटींच्या भंगाचे परिणाम सारखे नसतात. प्रचरण विषम असेल तर गुणांक अनभिनत राहतात, परंतु नेहमीच्या सूत्राने काढलेल्या प्रमाण त्रुटी चुकीच्या ठरतात. त्यासाठी हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० मध्ये मांडलेल्या दृढ प्रमाण त्रुटी वापरतात. कालश्रेणीतील स्वसहसंबंध ओळखण्यासाठी डर्बिन–वॉटसन चाचणी शिकवली जाते. स्वतंत्र चलांमध्ये तीव्र, परंतु अपूर्ण एकरेषीयता असल्यास प्रमाण त्रुटी वाढतात, पण आकलनात अभिनती निर्माण होत नाही. याउलट, त्रुटिपदाचा स्वतंत्र चलाशी संबंध असल्यास गुणांकच चुकीचा येतो आणि नमुना कितीही मोठा घेतला तरी हा दोष दूर होत नाही.

वेतनाच्या वरील उदाहरणात कुटुंबाची आर्थिक स्थिती समीकरणात नाही. सधन घरातील मुले अधिक शिकतात आणि ओळखीपाळखीमुळे त्यांना चांगले कामही मिळते, असे असेल तर २८ रुपयांतील काही भाग शिक्षणाचा नसून घरच्या परिस्थितीचा असतो. यालाच वगळलेल्या चलामुळे येणारी अभिनती म्हणतात. बहुचल समाश्रयणात असे चल समाविष्ट करून इतर घटक स्थिर ठेवल्यावर उरणारा संबंध मोजला जातो. मात्र जे चल मोजलेलेच नाहीत, त्यांच्यासाठी हा उपाय उपयोगी पडत नाही.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनी १९२६ मध्ये काळाबरोबर बदलणाऱ्या दोन असंबद्ध श्रेणींतही तीव्र सहसंबंध दिसू शकतो, हे दाखवले. १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी अशा आभासी समाश्रयणाचे सविस्तर विवेचन केले. त्यामुळे दोन वाढत्या श्रेणी एकमेकींवर मांडून मोठा आर-वर्ग मिळवणे हा पुरावा मानला जात नाही.

कार्यकारणभाव सिद्ध करण्याचा सर्वांत थेट मार्ग यादृच्छिक प्रयोगाचा आहे. याचे मुंबईशी संबंधित उदाहरण 'बालसखी' कार्यक्रमाचे आहे. 'प्रथम' या संस्थेने मुंबई व वडोदरा येथील महानगरपालिकेच्या शाळांत वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवण्यासाठी स्थानिक तरुणींची नेमणूक केली. कोणत्या वर्गांना बालसखी मिळेल हे यादृच्छिकपणे ठरवले गेल्यामुळे, कार्यक्रम मिळालेल्या व न मिळालेल्या वर्गांतील फरक कार्यक्रमामुळेच आला असे म्हणता आले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कार्यक्रम असलेल्या शाळांतील सर्व मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले आणि ही वाढ मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांमुळे होती.

प्रयोग शक्य नसेल तेथे नैसर्गिक प्रयोगांचा आधार घेतात. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदलले नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी दोन्ही राज्यांतील ४१० फास्टफूड उपाहारगृहांतील रोजगाराच्या बदलांची तुलना केली आणि १९९४ मध्ये, वेतनवाढीमुळे रोजगार घटल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष मांडला. या पद्धतीला फरकांतील फरक असे म्हणतात. या निष्कर्षाला पुढे इतर संशोधकांनी वेगळ्या विदेच्या आधारे आव्हान दिले आणि त्यावर दीर्घ वाद झाला. साधन चल आणि समाश्रयण खंडितता या आणखी दोन पद्धतींची तोंडओळखही अनेक अभ्यासक्रमांत करून दिली जाते.

पुनर्पडताळणी

दुसऱ्याच्या विदेवरून त्याचेच निष्कर्ष पुन्हा काढून पाहणे, हा अर्थमिती शिकण्याचा एक रूढ प्रकार आहे. याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण २०१३ मधील आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मधील निबंधात, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या प्रगत देशांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्का असल्याचे दाखवले होते. सरकारी खर्चात कपात करण्याच्या बाजूने हा निबंध अनेक देशांत आधार म्हणून सांगितला जात होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील पदव्युत्तर विद्यार्थी थॉमस हर्नडन यांनी अर्थमितीच्या वर्गातील स्वाध्यायासाठी हा निबंध निवडला. त्यांना तेच आकडे मिळेनात. मूळ तक्ता मिळवल्यावर, सरासरीच्या सूत्रातून ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटल्याचे आढळले. काही वर्षांच्या नोंदी वगळणे आणि देशांना दिलेले भारांक यांवरही त्यांनी व त्यांच्या दोन प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. त्यांच्या मते दुरुस्त सरासरी २.२ टक्के होती. मूळ लेखकांनी तक्त्यातील चूक मान्य केली. मात्र अधिक कर्ज आणि मंद वृद्धी यांचा संबंध कायम असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले. कर्जामुळे वृद्धी मंदावते की वृद्धी मंदावल्यामुळे कर्ज वाढते, हा प्रश्न सरासरी दुरुस्त केल्यानेही सुटत नाही, हेही या प्रकरणावरून शिकवले जाते.

सामान्य गैरसमज

पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता, असा समज विद्यार्थ्यांत वारंवार आढळतो. वास्तविक, शून्य परिकल्पना खरी मानल्यास इतके किंवा याहून टोकाचे फलित मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य होय. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये या विषयावर निवेदन प्रसिद्ध केले होते. संख्याशास्त्रीय सार्थकता आणि आर्थिक महत्त्व यांची गल्लत हा दुसरा गैरसमज आहे. लाखो नोंदींच्या विदेत अगदी क्षुल्लक परिणामही सार्थक ठरू शकतो. तसेच सार्थक फलित मिळेपर्यंत चल बदलत राहिल्यास सार्थकता चाचणीचा अर्थच नाहीसा होतो.

लघुगणकी समीकरणांचा अर्थ लावतानाही चुका होतात. वेतनाचा नैसर्गिक लघुगणक घेतला असता शिक्षणाचा गुणांक ०.०८ आला, तर त्याचा अर्थ एका वर्षामागे सुमारे ८ टक्के वाढ असा होतो, ०.०८ रुपये असा नव्हे.

अध्यापन, पाठ्यपुस्तके व संगणकप्रणाली

दामोदर गुजराती यांचे 'बेसिक इकॉनॉमेट्रिक्स' (पहिली आवृत्ती १९७८) हे भारतातील महाविद्यालयांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक आहे. गुजराती यांनी १९६० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.कॉम. पदवी आणि १९६५ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. जेफ्री वूल्ड्रिज यांचे 'इंट्रोडक्टरी इकॉनॉमेट्रिक्स' तसेच जेम्स स्टॉक व मार्क वॉटसन यांचे 'इंट्रोडक्शन टू इकॉनॉमेट्रिक्स' ही पुस्तकेही प्रचलित आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्स अभ्यासक्रमात पसंतीवर आधारित श्रेयांक पद्धतीनुसार हा विषय अनिवार्य होता.

संगणकावर काम करण्यासाठी स्टाटा, ई-व्ह्यूज आणि एसपीएसएस या सशुल्क प्रणाली, तर आर, पायथन आणि ग्रेटल या विनामूल्य प्रणाली वापरल्या जातात. ऑकलंड विद्यापीठात सुरू झालेल्या आर प्रणालीची १.० ही आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तक्त्यात हाताने बदल करण्याऐवजी आज्ञांची लिखित फाइल ठेवल्यास प्रत्येक पायरी पुन्हा तपासता येते, म्हणून विश्लेषण आज्ञावलीच्या स्वरूपात जतन करण्याचा आग्रह धरला जातो.

पदवी पातळीवर काय शिकवावे याविषयी मतभेद आहेत. जोशुआ अँग्रिस्ट आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी २०१७ मधील लेखात, प्रचलित अध्यापन गृहीतकांच्या भंगांची यादी आणि त्यांवरील चाचण्या यांत अडकून पडले असून त्याऐवजी ठोस कार्यकारण प्रश्न व संशोधन आराखडे यांना मध्यवर्ती स्थान द्यावे, असे मत मांडले. लेखी परीक्षेवर भर असलेल्या पद्धतीत सूत्रांच्या सिद्धता आणि हाताने केलेली आकडेमोड यांना अधिक जागा मिळते, तर प्रकल्पावर आधारित पद्धतीत प्रत्यक्ष विदा हाताळण्याचा सराव होतो. सिद्धतांमुळे आकलकाचे गुणधर्म समजतात आणि प्रकल्पामुळे प्रश्न मांडण्याची, विदेच्या उणिवा ओळखण्याची व निष्कर्षांची मर्यादा नोंदवण्याची सवय लागते. त्यामुळे अनेक अभ्यासक्रमांत दोन्हींचा समावेश केला जातो.

हेही पहा

संख्याशास्त्र
समाश्रयण विश्लेषण
कालश्रेणी
राष्ट्रीय नमुना पाहणी
प्रशांतचंद्र महालनोबिस
गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था